मोटर का जळाली, तेही बिलासोबत द्यायचं

निफाडकडून टेम्पोत आलेली साडेसात एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच बॉडीत) मोटर दुकानात उतरली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, भरून द्या, पण परवापर्यंत द्या." भरणं म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. मे महिन्याचे दिवस असतात. एप्रिलची खरड छाटणी होऊन द्राक्षबागेत नवी फूट जोरात असते, वर ऊन तापलेलं, ठिबकला सुट्टी देता येत नाही. चार-पाच दिवस पाणी चुकलं तर काडी मागे पडते आणि त्याचा हिशेब ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड मोजताना कळतो. आम्ही बिल लावतो तांब्याचं, बेअरिंगचं आणि मजुरीचं. समोरच्याला हवं असतं पाणी. हे अंतर भरायला मोठा खर्च लागत नाही, तास-दीड तास लागतो आणि रीत लागते. नाशिकमध्ये मोटर भरणारे हात पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत. पण मोटर भरून जशीच्या तशी त्याच स्टार्टरच्या पेटीला जोडायला पाठवली की दोन-तीन महिन्यांत तीच मोटर पुन्हा दारात येते. शेतकरी म्हणतो, भरणाऱ्याने नीट भरली नाही. भरणारा म्हणतो, लाइटचा प्रॉब्लेम. दोघांचंही नुकसान होतं.

पाना हातात घ्यायच्या आधी विचारायचं. बंद पडली तेव्हा कोणी जवळ होतं का? आवाज बदलला होता का, गुणगुण करत होती का? त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) अजून कोणाची मोटर जळाली का? आधी ट्रिप व्हायची का, आणि व्हायची तर त्यावर काय केलं? याआधी कधी भरली होती? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. एकदाही न भरलेली मोटर आणि चौथ्यांदा भरायला आलेली मोटर, दोघींना वेगळ्या नजरेने बघावं लागतं. मग घरी फोन लावून घ्यायचा: "स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडून फोटो पाठवा, आत हात लावू नका." त्या फोटोत करंट वाढला की मोटर तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेची चकती किती अॅम्पिअरवर फिरवलेली आहे, एक फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर आहे की काढून टाकलाय, वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावलाय का, हे सगळं दिसतं. दहा मिनिटांचं काम.

आता उघडायचं. इथे घाई करू नये, कारण जळण्याचं मूळ शोधायची खरी जागा हीच. जळालेली वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) कापून फेकायच्या आधी दोन्ही बाजूंनी उजेडात बघायची आणि मोबाइलवर फोटो घ्यायचा. रंग बोलतो.

सगळ्या कॉइल्स सारख्याच काळ्या असतील तर मोटरवर लोड जास्त होता, व्होल्टेज सतत कमी होतं किंवा हवा लागत नव्हती. पंख्याच्या जाळीत गवत-कचरा अडकलेला किंवा पंख्याची पाती तुटलेली असेल तर तेही याच खात्यात. एकाच जागी डाग आणि बाकी वाइंडिंग ताजी असेल तर टर्न (तारेचे वेढे) आपसात शॉर्ट झालेत, किंवा स्लॉटच्या (तार बसते त्या खाचेच्या) तोंडाशी कागद फाटून तार बॉडीला लागलीय. ही चूक अनेकदा भरणाऱ्याच्या हातची असते, तेव्हा मागच्या वेळी मोटर आपणच भरली असेल तर इथे सरळ कबूल करायचं आणि पैसे न घेता भरायची. आणि ठरावीक अंतरावरचे गट काळे आणि मधले तांबूस, असा चट्टेरी पट्टा दिसला तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली. यातही स्टार जोडणी (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका बिंदूला जोडलेली) असेल तर दोन फेजच्या कॉइल्स जळतात आणि एक स्वच्छ राहते. डेल्टा (तिन्ही त्रिकोणात जोडलेली) असेल तर एका फेजच्या जळतात आणि दोन वाचतात. २८८० आरपीएमच्या दोन पोलच्या डेल्टा मोटरमध्ये हे समोरासमोरचे दोन काळे गट इतके स्पष्ट दिसतात, की शेतकऱ्याला बोलावून दाखवलं तर त्यालाही समजतं. दाखवायचंच. फोटोपेक्षा डोळ्यांनी बघितलेलं त्याच्या लक्षात राहतं.

आपली निफाडची मोटर अशीच: समोरासमोर दोन गट कोळसा, बाकी बरे. म्हणजे सिंगल फेजिंग. शेतकरी म्हणतो, "पण पेटीत प्रिव्हेंटर आहे ना!" फोटोत तो आहे आणि दिवाही लागलेला आहे. मग मोटर कशी जळाली? हा प्रश्न इथेच सोडायचा नाही, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधी भरणं. जुनी तार काढताना स्लॉट किती, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) किती, एका कॉइलला टर्न किती, किती तारा जोडीने, जोडणी काय, हे सगळं डेटाच्या वहीत उतरवायचं. टर्न एकाच कॉइलचे मोजून थांबू नये, निदान तीन कॉइल्सचे मोजावेत. गेज मोजताना तारेवरचं इनॅमल काढून मायक्रोमीटर लावायचा, पाच-सहा ठिकाणी. हे का, तर आधीच्या भरणाऱ्याने स्लॉटमध्ये तार सहज बसावी म्हणून एक गेज बारीक वापरलेलं असू शकतं. २० गेज म्हणजे ०.९१४ मिलिमीटर, २१ गेज म्हणजे ०.८१३. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण तांब्याचं क्षेत्रफळ सुमारे २१ टक्के घटतं आणि रोध सुमारे २६ टक्के वाढतो. तेवढी उष्णता वाढली की इन्सुलेशनचं आयुष्य झपाट्याने उतरतं. इन्सुलेशनच्या वर्गाच्या वर प्रत्येक १० अंश सेल्सियसला आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे. म्हणून चौथ्यांदा आलेल्या मोटरचा आधीचा डेटा खरा मानायचा नाही. त्याच बनावटीचा, त्याच एचपीचा मूळ डेटा वहीत असेल तर ताडून बघायचा. वही म्हणूनच जपायची.

जुन्या तारेचं वजन शेतकऱ्यासमोर काट्यावर करायचं आणि आकडा बिलावर लिहायचा. तार त्याची आहे. त्याला न्यायची तर नेऊ द्यावी, ठेवायची तर तिची किंमत बिलातून वजा करावी. हे काही वरचं देणं नाही, हा साधा व्यवहार आहे, पण तो उघडपणे केला नाही तर बाकी कितीही चांगलं काम केलं तरी मनात शंका राहते.

तार निघत नाही म्हणून स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) लाकडाच्या जाळात टाकतात किंवा गॅसच्या बत्तीने एका बाजूने लाल करतात. हे टाळायचं. कोअरच्या पत्र्यांमध्ये जे पातळ इन्सुलेशन असतं ते जास्त तापलं की जातं, पत्रे आपसात जोडले जातात आणि मोटर रिकामी चालतानाही तापू लागते. कोअर ३७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. भट्टी नसेल तर एका बाजूचं टोक कापून, मंद आणि सारखी उष्णता देऊन दुसऱ्या बाजूने ओढून काढावी. वेळ लागतो. तो शेतकऱ्याला कधीच दिसत नाही, पण पुढची पाच वर्षं वीजबिलात आणि मोटरच्या तापण्यात तो असतो.

स्लॉटमधल्या कागदाची घडी स्लॉटच्या दोन्ही तोंडांबाहेर थोडी वळवलेली हवी, नाहीतर तार कडेला कापली जाते. फेजांमधला कागद नीट बसला आहे ना, वेजा (स्लॉटचं तोंड बंद करणाऱ्या पट्ट्या) घट्ट आहेत ना, हे बांधणी करायच्या आधी बघायचं. व्हार्निश ओतताना होणारी चूक म्हणजे थंड, दमट स्टेटरवर ओतणं. आधी १०० ते ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून ओल घालवायची, हाताला सोसेल इतका गार झाल्यावर बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, निथळवायचा आणि मग डब्यावर लिहिलेल्या तापमानाला, तितके तास भाजायचा. पावसाळ्यात हे अर्धवट सोडलं की मोटर महिन्याभरात बॉडीला लागते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जास्त द्यायचं म्हणून तार जाड घालू नये आणि टर्नही वाढवू नयेत. जाड तार स्लॉटमध्ये ठोकून बसवावी लागते आणि ठोकताना इनॅमल सोलतं. टर्न वाढले की चुंबकीय प्रवाह घटतो आणि सुरू होतानाची ताकद कमी पडते. शेतकऱ्याला "तुमच्या मोटरीत दोनशे ग्रॅम तांबं जास्त घातलं" असं सांगायला बरं वाटतं, पण ते त्याच्या उपयोगाचं नाही. जिथे नुकसान होतं तिथेच जास्त द्यायचं असतं.

बेअरिंग बदलताना तेच. ६२०६ नंबरचं बेअरिंग ३० मिलिमीटरच्या शाफ्टवर बसतं. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारून बसवलं तर गोळ्यांच्या वाटेवर खुणा उमटतात आणि दोन महिन्यांत घरघर सुरू होते. आतल्या रिंगवर पाइप टेकवून बसवायचं, किंवा ११० अंशांपर्यंत तापवून सरकवायचं. ग्रीस मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते अर्धं, पूर्ण नाही, कारण ठासून भरलेलं ग्रीस स्वतःच तापतं.

जोडणी झाल्यावर मोजमाप. तिन्ही वाइंडिंगचे रोध एकमेकांच्या दोन-तीन टक्क्यांत, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) बॉडीशी निदान ५ मेगाओहम (ताज्या, नीट भाजलेल्या वाइंडिंगवर यापेक्षा कितीतरी जास्त यायलाच हवेत) आणि मग अर्धा तास रिकामी चालवून तिन्ही फेजचा अॅम्पिअर क्लॅम्प मीटरने. हे आकडे वहीत आणि चिठ्ठीवर, दोन्हीकडे.

आता पेटीकडे. प्रिव्हेंटर असूनही मोटर जळाली, कारण पेटीत जो प्रिव्हेंटर होता तो व्होल्टेज बघणारा होता. पेटीपर्यंत तिन्ही फेज येत असतील तर तो समाधानी असतो. पेटीच्या पुढे, मोटरकडे जाणाऱ्या केबलचा जोड सुटला तर त्याला काही कळत नाही. दुसरी अडचणही आहे: चालू मोटर सुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, त्यामुळे लाइनकडची फेज गेली तरी असा प्रिव्हेंटर कधीकधी फसतो. करंट बघणारा प्रिव्हेंटर या दोन्ही ठिकाणी पकडतो. किमतीतला फरक एकदा मोटर भरण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. हे दोन वाक्यांत शेतकऱ्याला सांगितलं की तो त्याच दिवशी घेऊन जातो.

आणि फोटोत रिलेची चकती १६ वर. मोटरच्या प्लेटवर ११ अॅम्पिअर. "ट्रिप व्हायची म्हणून वायरमनने फिरवली," असं उत्तर येतं. पाऊण लोडवर मोटर ८ च्या आसपास घेत असेल, तर एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन तारांत साधारण १४ वाहतात. ११ वर लावलेली रिले काही मिनिटांत तोडते, १६ वर लावलेली तोडतच नाही. म्हणजे रिले ट्रिप होत होती ती बिघडली म्हणून नाही, ती काहीतरी सांगत होती. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर नेणारा) असेल तर इथे उलटी गल्लत होते. त्यात रिले बहुतेकदा वाइंडिंगच्या वाटेवर असते, तिथे प्लेटच्या आकड्याच्या ०.५८ पट लावायचं. २० अॅम्पिअरच्या मोटरला ११.६. थेट २० वर लावली तर प्रत्यक्षात ३४ पर्यंत मुभा दिली.

मळ्यावर जायचं ठरलं तर मीटरपेटीपासून मोटरपर्यंत चालत जायचं, केबलवर हात आणि नजर ठेवून. शेततळ्याच्या कडेला, गवतात, टेपने गुंडाळलेला जोड सापडतो. टेप काढली की आत अॅल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर पीळ देऊन जोडलेली, पिळावर पांढरी भुकटी, एक तार काळी पडून ठिसूळ झालेली, दुसऱ्या दोन धरून. हे आहे मोटर जळायचं कारण. दोन धातू थेट जोडले आणि ओल लागली की अॅल्युमिनियम खात जातं, जोड सैल होतो, तापतो, आणखी सैल होतो. दोन धातूंसाठीच बनवलेली लग (जोडणीची नळी) दाबयंत्राने दाबून, ओल न शिरेल अशी बंद करून जोड जमिनीपासून वर उचलला की विषय संपतो.

केबलची जाडीही तिथेच बघायची. पेटीपासून मोटर ३०० मीटर, ११ अॅम्पिअर, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर वाटेतच जवळपास ३९ व्होल्ट जातात. ४ ची असेल तर २४, ६ ची असेल तर १६. पेटीवर ४०० मिळत असतील तर २.५ च्या केबलवर मोटरला ३६१ पोचतात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणजे ४१५ च्या हिशेबाने चौथा हिस्सा ताकद गेली, आणि सुरू होताना करंट जास्त असल्याने तूट याहून मोठी. केबल बदलायचा आग्रह धरायचा नाही, तो मोठा खर्च आहे. आकडा कागदावर लिहून द्यायचा, निर्णय त्याचा.

फेजांमधला फरकही एकदा मोजायचा. ४१५, ४०५, ३९० अशी तीन मापं आली तर सरासरी ४०३, सर्वांत दूरचं माप १३ ने दूर, म्हणजे साधारण ३.३ टक्के. या टक्क्याचा वर्ग करून दुप्पट केली की तापमानवाढ किती टक्क्यांनी चढते त्याचा अंदाज येतो: इथे सुमारे २२. त्याला आपण काही करू शकत नाही, पण शेतकऱ्याने महावितरणकडे तक्रार करताना हे तीन आकडे, तारीख आणि वेळ लिहिली तर तक्रारीला वजन येतं. ऑटो स्विच असेल तर काढायला सांगायचं. वीज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, व्होल्टेज कोसळतं आणि डीपी जळतो. महावितरण हे दरवर्षी सांगत असतं.

चिठ्ठी बिलासोबत जाते. अर्धं पान, मराठीत, मोठ्या अक्षरात:

"वाइंडिंग एका फेजचं जळालं. कारण: शेततळ्याजवळचा जोड सुटून एक फेज बंद. रिले १६ वर होती, ११ वर आणली. प्रिव्हेंटर करंटवाला लावला. जोड नवा केला. चालू मोटरचे अॅम्पिअर: ९.६, ९.८, ९.५. ट्रिप झाली तर रिले फिरवू नका, आधी फोन करा."

हिच्या दोन प्रती. एक शेतकऱ्याला, एक पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवायला, कारण पुढच्या वेळी पेटी उघडणारा वायरमन वेगळा असतो. चिठ्ठी नसेल तर केलेलं निम्मं काम वाया जातं. न सांगता केलेलं जास्तीचं काम समोरच्याला दिसत नाही, आणि वर दुसरा कोणी ते उलटवून ठेवतो.

मर्यादाही आधी ठरवायच्या. मळ्यावरची खेप फुकट करू नये. निफाड, चांदवडला जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो आणि दुकानात दुसऱ्याची मोटर थांबते. खेपेचे पैसे वेगळे सांगायचे, किंवा व्हिडिओ कॉलवर बघून त्याच्या वायरमनकडून करून घ्यायचं. विचारल्याशिवाय पेटीतली जोडणी बदलायची नाही. उद्या काही झालं तर ती आपल्या माथी येते आणि ते योग्यच आहे. सवलत आणि जास्तीचं काम यांची गल्लत करू नये. बिलात तीनशे रुपये कमी केले तर शेतकऱ्याला त्या दिवशी बरं वाटतं, जोड मात्र तसाच सैल राहतो. आणि हंगामात, दारात आठ मोटरी असताना, सगळ्यांचं सगळं करायला गेलं तर एकाचंही नीट होत नाही. अशा वेळी मळ्यावरची खेप आणि केबलचा हिशेब सोडून द्यायचा, पण रंग बघणं, रिलेचा फोटो आणि चिठ्ठी या तीन गोष्टी सोडायच्या नाहीत.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या माणसाचंही हेच. पगार ब्रेकडाउन काढण्याचा असतो. पण कुठल्या मोटरला कुठलं बेअरिंग, मागच्या मेगरचं माप काय, कुठली मोटर वर्षात दुसऱ्यांदा उतरवली, हे जो वहीत ठेवतो त्याच्यामुळे रात्रपाळीला स्टोअरमध्ये योग्य बेअरिंग सापडतं आणि मशीन दोन तासांत चालू होतं, सकाळची वाट बघत थांबत नाही. दर महिन्याला एकाच वेळी, मोटर गरम असतानाच मेगर करून मापं ओळीने लिहिली तर ५० वरून ३०, ३० वरून १२ असं उतरत जाणारं माप मोटर जळायच्या आधी दिसतं. एकट्या मापाला फारसा अर्थ नसतो, उतार बघायचा असतो. पगारवाढ मागताना हीच वही पुढे ठेवावी.

मार्चच्या शेवटी, काढणी आटोपत आलेली आणि खरड छाटणी तोंडावर असताना, वहीतून मागच्या वर्षीच्या ग्राहकांना फोन करायचे. "नाना, मोटर चालू करून तिन्ही वायरींचा अॅम्पिअर वायरमनकडून मोजून घ्या आणि मला तीन आकडे सांगा." चिठ्ठीवर ९.६, ९.८, ९.५ असतात. तिघंही वाढून साडेदहा-अकराकडे गेले असतील तर पंपाकडे बघायचं: इंपेलर (पंपातलं फिरतं चक्र) घासतोय का, ग्लँडची (शाफ्टपाशी पाणी अडवणाऱ्या भागाची) दोरी जास्त आवळलीय का. तिघंही बरेच कमी असतील तर फूटव्हॉल्व्हच्या जाळीत कचरा आहे किंवा पाण्यात हवा येतेय. दोन जवळ आणि एक लांब असेल तर आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज, मग जोड, आणि तोपर्यंत मोटर बंद.